हिलाल नानांचा नामोल्लेख

हिलाल नाना बोरसे माइकवर असले की मुहूर्त टळणार, हे धुळ्यातले भटजी धरूनच चालत. पत्रिकेत बाराचा मुहूर्त छापलेला असला तरी अंतरपाट एकच्या सुमारास धरला जाई. मधला वेळ नानांचा. त्या वेळात मांडवात आलेल्या प्रत्येक मानकऱ्याचं नाव, आडनाव, गाव, भूषवलेलं किंवा हातचं गेलेलं पद आणि वरपक्षाशी असलेलं नातं माइकवरून जाहीर होई. खानदेशातलं लग्न बँडशिवाय लागू शकतं, प्रसंगी जेवणाशिवायही लागेल. नामोल्लेखाशिवाय मात्र लागत नाही.

मी तेव्हा एका दैनिकाच्या धुळे कार्यालयात बातमीदार होतो. पुढाऱ्यांच्या घरच्या लग्नांची बातमी करावी लागे, आणि बातमीत नावं लागत. ती नानांकडून मिळत. नाना देवपुरातल्या एका शाळेत लिपिक होते. सुटीच्या दिवशी आणि लग्नसराईत, रजा काढून, ते सूत्रसंचालक असत. मे महिन्यातही काळा कोट, खिशात खडीसाखर, हात मोकळे. हातात चिठ्ठी धरून नावं वाचणाऱ्या निवेदकाला ते 'किराणा वाचणारा' म्हणत.

मांडवाच्या दारात जीप थांबे. पाहुण्याचा एक पाय अजून जीपमध्येच असताना नाना सुरू होत, "भडगावहून आगमन होत आहे आदरणीय भिकन दौलत पाटील, माजी व्हाइस चेअरमन, विकास सोसायटी, वराच्या मावशीचे व्याही." आपण कधीकाळी व्हाइस चेअरमन होतो, हे भिकन पाटील स्वतः विसरलेले असत. ते ऐकून त्यांची चाल बदले. जीपमधून शेतकरी उतरे आणि खुर्चीपर्यंत माजी व्हाइस चेअरमन पोहोचे.

"नाव राह्यलं तर एक मानूस रुसतो," नाना मला सांगत. "गाव राह्यलं तर गाडीभर रुसतात."

माइकवर त्यांची भाषा संस्कृतने ओथंबलेली असे. 'शुभाशीर्वादपर मनोगत' हा शब्द ते न अडखळता म्हणत. घरी मात्र अहिराणी, तीही तुटक. घरातल्या माणसांना 'ये', 'जाय', 'पानी दे' एवढ्यात आटोपत. त्यांच्या पत्नीला सगळं देवपूर नानी म्हणे. नाना त्यांना 'अवं' म्हणत. या नानी प्रत्येक कार्यक्रमाला पहिल्या रांगेत, माइकच्या बरोबर समोर बसलेल्या असत. नवऱ्याच्या कौतुकापायी बसतात, असा माझा बरीच वर्षं समज होता.

तो समज भडगावच्या एका गंधमुक्तीत दूर झाला.

गंधमुक्ती म्हणजे मृत्यूनंतरचा तो दिवस, ज्या दिवशी आप्तेष्ट जमतात, विधी होतो, जेवण होतं, आणि आता माइकही असतो. मृत व्यक्ती कशी होती हे तिला न ओळखणारे पुढारी तिथे सांगतात. त्या दिवशी एका निवृत्त ग्रामसेवकाची गंधमुक्ती होती. नाना शेवटाकडे आले, "अशा या पुण्यात्म्यास..." आणि थांबले. नजर समोरच्या कनातीवर खिळली. ओठ काही चघळत असल्यासारखे हलू लागले. उजव्या हाताची बोटं शर्टाच्या दुसऱ्या गुंडीशी चाळा करू लागली.

मांडव शांत झाला. मग पुढच्या रांगेतला एक जण उठून उभा राहिला. त्याला पाहून दुसरा. पाहता पाहता सगळा मांडव मान खाली घालून उभा राहिला. पंचायत समितीचे माजी सभापती आप्पा फोनवर कुणाला तरी वाळूच्या ट्रॅक्टरबद्दल झापत होते. तेही फोन कानाला तसाच ठेवून उभे राहिले. एकट्या नानीच माइकच्या दिशेने चालत निघाल्या होत्या.

नाना भानावर आले. समोर चारशे माणसं उभी. ती का उभी आहेत हे त्यांना कळलं नाही, पण अनुभव दांडगा. "ओम शांती," ते म्हणाले. "बसून घ्या."

जेवताना मृताच्या मुलाने त्यांचे हात धरले. "नाना, बाकीचे दोन मिनिटं सांगतात नि अर्ध्यात उरकतात. तुम्ही पुरी दिली."

दुसऱ्या दिवशी 'उपस्थितांनी दोन मिनिटे स्तब्ध उभे राहून श्रद्धांजली वाहिली' असं मी बातमीत लिहिलं. त्यात चूक काढता आली नसती.

परतीच्या एसटीत नानींनी मला सांगितलं. नानांना तरुणपणापासून फिट येत. मोठी क्वचित, अशी छोटी वारंवार. शरीर उभं राहतं, माणूस मिनिट-दोन मिनिटं जागेवर नसतो. "हात गुंडीकडे गया का मी उठस," त्या म्हणाल्या. पहिल्या रांगेतल्या खुर्चीचं कारण ते होतं. नाना खिडकीबाहेर पाहत खडीसाखर चघळत होते. हा विषय निघाला की त्यांना अहिराणीही येईनाशी होई.

गुपित वरणगावच्या लग्नात फुटलं. आयुध कारखान्यातल्या एका कामगाराच्या मुलाचं लग्न होतं. नामोल्लेख निम्म्यावर आलेला असताना नानांना मोठी फिट आली. ते व्यासपीठावरून खालच्या साउंडच्या खोक्यावर पडले. गळ्याजवळचं हाड मोडलं. पुढची काही मिनिटं खानदेशी वैद्यकशास्त्राने ताबा घेतला. कुणी कांदा फोडला. कुणी मोटारसायकलची चावी मुठीत कोंबली. माजी सभापती आप्पा वरपक्षाकडून हजर होते. त्यांनी पायातली चप्पल काढून नानांच्या नाकाला लावली आणि दुसऱ्या हाताने गर्दी मागे हटवली. फिट जशी आपोआप थांबते तशी थांबली. आप्पा पुढे कित्येक महिने सांगत होते, "हिलालला मी उठवला. माझी चप्पल अस्सल चामड्याची."

त्यानंतर नानांना लग्नाची बोलावणी येईनाशी झाली. शुभकार्यात फिट आली तर अपशकुन होतो. गंधमुक्तीची बोलावणी मात्र येतच राहिली, उलट वाढली. मेलेल्याला अपशकुन होत नाही.

नाना हे बोलून दाखवत नसत. लग्नसराईत ते देवपुरातल्या आपल्या ओट्यावर काळा कोट घालून बसत. पांझरेच्या पुलावरून वरातीच्या गाड्या निघत. "ही पारोळ्याची," काचेवरची चिठ्ठी न वाचता ते म्हणत. "मामाले फेटा बांधेल नही. भांडण व्हई."

धुळ्यातल्या डॉक्टरांनी गोळ्या बदलून पाहिल्या, वाढवून पाहिल्या. शेवटी मुंबईला पाठवलं. तिथली हकिगत मी नाना आणि नानी यांच्याकडून वेगवेगळी ऐकली आहे. दोघांची जिथे जुळते तेवढीच इथे देतो.

गोळ्यांना न जुमानणारी फिट मेंदूत नेमकी कुठून सुरू होते, हे शोधण्यासाठी कवटीला बारीक छिद्रं पाडून तारा आत सोडतात. रुग्ण काही दिवस कॅमेऱ्यासमोर पडून राहतो. फिट यायची वाट पाहतात. मधल्या काळात त्याच तारांमधून अगदी सौम्य वीज सोडून कोणत्या जागी कोणतं काम चालतं तेही तपासतात. याच सोयीचा फायदा घेऊन, रुग्णाच्या संमतीने, विजेने स्मरण सुधारतं का याचेही प्रयोग होतात. कधी सुधारतं, कधी बिघडतं, पुष्कळदा काहीच होत नाही. नानांनी संमती दिली. वीज लावून स्मरण सुधारायचं असेल तर सुरुवात चिठ्ठीवाल्या निवेदकांपासून करा, असंही सुचवलं.

प्रयोग करणारी डॉक्टर तरुण होती, मुंबईत वाढलेली. तिने शब्द वाचले. ढग, लिंबू, पोपट, खुर्ची, कात्री, असे बरेच. थोड्या वेळाने ते आठवून सांगायचे होते.

"पोपट कुणाचा?" नानांनी विचारलं.

"कुणाचा नाही काका. नुसता पोपट."

"गाव?"

"गाव नाहीये त्याला."

"मग तो मांडवात आला कसा?"

पहिल्या फेरीत नानांना जेमतेम दोन शब्द आठवले. ज्याच्या स्मरणशक्तीवर दोन जिल्ह्यांतले माजी पदाधिकारी जगत होते, त्याला लिंबू आठवेना. दुसऱ्या फेरीत त्यांनी एकूण एक शब्द ओळीने म्हणून दाखवले. डॉक्टर खूश झाली. तिने काहीतरी टिपलं आणि हे कसं जमलं ते विचारलं.

"पोपट पाचोऱ्याचा केला. लिंबू त्याचा साडू. कात्री दिली लिंबाच्या पोरीला, शिलाई काम करते ती. ढग व्याही, ऐनवेळी येत नाही."

"आणि खुर्ची?"

"ती माजी सभापतींना दिली. ती सुटत नाही."

डॉक्टरने कपाळाला हात लावला. वीज दुसऱ्या फेरीत चालू होती. आता शब्द विजेने आठवले की सोयरिकीने, हे कोण सांगणार. तिने विनंती केली की पुढच्या फेरीत कृपया नाती लावू नयेत. नातं न लावता आठवतात कसं, हे नानांनी तिलाच विचारलं. प्रयोगातून नानांचं नाव कमी झालं. त्यांच्या सांगण्यानुसार यंत्र हरलं.

नंतरची तपासणी प्रयोगाची नव्हती, ऑपरेशनची होती. डाव्या बाजूच्या एका भागातून फिट निघत होती. तो भाग काढला तर फिट थांबण्याची चांगली शक्यता होती. पण भाषा आणि नावं यांचं कामही बहुतेकांत त्याच बाजूला चालतं. म्हणून एकेका जागी वीज सोडून प्रश्न विचारत होते. चित्रं दाखवून झाली. मग डॉक्टरने स्वतःच्या मनाने सोपासा प्रश्न घातला.

"काका, पत्नीचं नाव?"

नाना गप्प. डॉक्टरने जागा बदलली. पुन्हा विचारलं. नाना पायांच्या बोटांकडे पाहत गप्प. तिसऱ्या जागीही तेच. डॉक्टरचा चेहरा उतरला. एवढ्या मोठ्या भागात नावं पसरलेली असतील तर कापायला जागाच उरत नव्हती. ती बाहेर आली.

"काकू, जरा वाईट वाटेल. त्यांना तुमचं नाव आठवत नाहीये."

नानी भिंतीला टेकल्या. "त्या घडीला वाटलं, गयं बठ्ठं, सगळंच गेलं," त्या मला म्हणाल्या. मग त्यांना शंका आली.

"करंट बंद करून विचारलं का?"

विचारलं नव्हतं. डॉक्टर आत गेली, वीज बंद केली, विचारलं. नाना गप्प.

"त्यांनी आजवर कधीच घेतलं नाही," नानी दारातून म्हणाल्या. "आमच्यात पुरुष बायकोचं नाव घेत नाहीत. लग्नात उखाणा घेतला, त्यात पण 'हिचं' म्हणून मोकळे झाले. तुमचं मशीन चांगलं आहे."

अशा रीतीने, वैद्यकशास्त्राने मेंदूतला एक मोठा बिघाड म्हणून नोंदवायला घेतलेली गोष्ट ही धुळे जिल्ह्याची रीत निघाली. डॉक्टर बराच वेळ हसली. नाना हसले नाहीत. बाहेरच्या बाईसमोर घरातलं निघालं, याचा त्यांना राग आला होता.

मग डॉक्टरने शहाणपणा केला. तिने नानींच्या फोनमधले ओळखीच्या माणसांचे फोटो घेतले, ते वीज बंद असताना आधी विचारून घेतले आणि मग वीज सोडली. पहिले काही नीट गेले. नंतर सुभाषचा फोटो आला. सुभाष भडगावचा साउंडवाला. नाना ज्या माइकवर बोलत तो माइक बहुतेक वेळा सुभाषचा असे. नाना साउंडच्या खोक्यावर पडले तेव्हा त्यांचं डोकं मांडीवर घेऊन बसलेला माणूस तो.

"हा भडगावचा," नाना म्हणाले. "माइक याचाच. पोरगी वरणगावला दिली. जावई कारखान्यात. व्याह्याला साखर आहे, जिलबी चालत नाही. हा..."

आणि पुढे काही नाही. तोंड उघडं, जीभ नाव शोधतेय. वीज बंद केली. "सुभाष," नाना लगेच म्हणाले. डॉक्टरने न सांगता पुन्हा वीज सोडली. गाव राहिलं, जावई राहिला, जिलबीसुद्धा राहिली. सुभाष गेला.

त्या दिवशी नानांनी डॉक्टरची एकही खोडी काढली नाही. मला सांगताना म्हणाले, "पाहुणा दारात उभा. बठ्ठं माहीत. फक्त आत घेता येत नाही."

डॉक्टरांनी दोन वाटा सांगितल्या. भाग काढला तर फिट जाईल अशी आशा, पण नावांचं नुकसान होण्याचा धोका, किती ते आधी सांगता येत नाही. दुसरी वाट यंत्राची. छातीच्या कातडीखाली बॅटरी, तिथून मानेतून मेंदूपर्यंत तार. ते ठरावीक वेळाने सौम्य वीज सोडतं. फिट कमी होतात, पूर्ण जातीलच असं नाही. नावं बहुधा शाबूत राहतात.

वॉर्डात दोघांचं भांडण झालं. शेजारच्या खाटेवरच्या पेशंटने टीव्ही बंद करून ते ऐकलं.

"काढून टाका म्हणा," नानी म्हणाल्या. "पडतात तुम्ही, उचलते मी."

"नावं गेली तर मी माइकवर काय बोलू?"

"कोणत्या माइकवर? लग्नाला कोणी बोलावतं का तुम्हाला? मेलेल्या लोकांची नावं घ्यायला डोकं फोडून ठेवायचं?"

सगळ्या धुळ्यात हे वाक्य तोंडावर म्हणण्याची हिंमत एकाच माणसात होती, आणि तिला ते 'अवं' म्हणत.

दुसऱ्या दिवशी सकाळी नानींनीच डॉक्टरला सांगितलं की यंत्र बसवा. त्यांनी अटी घातल्या. माइकवर उभं राहायचं नाही, खुर्चीत बसायचं. स्कूटरची चावी कायमची त्यांच्याकडे. का बदललात, असं मी विचारलं. "सुभाषभाऊचं नाव येईना, तव्हा यांचं तोंड पाहिलं मी. फिटमध्ये बी तसं कधी पाहिलं नव्हतं." एवढं सांगून त्या चहा ठेवायला उठल्या.

फिट कमी झाल्या. थांबल्या नाहीत. नावं राहिली. डॉक्टरांनी जेवढं सांगितलं होतं तेवढंच झालं, आणि म्हणून गावाला ते पटलं नाही. हिलाल नानांच्या डोक्यात मुंबईवाल्यांनी चिप टाकली, त्यात सगळ्या खानदेशाची नावं भरली आहेत, अशी वार्ता पांझरा ओलांडून जळगावपर्यंत गेली. भारनियमनात नानांना काही आठवत नाही, असं एक जण छातीठोकपणे सांगे. नगरपालिकेच्या एका इच्छुकाने घरी येऊन विचारलं की चिपमध्ये मतदारयादी प्रभागनिहाय निघते का. नानांनी त्याला त्याच्या आजोबांचं नाव विचारलं. त्याला ते सांगता आलं नाही. "मग तुलेच बसाडी ले मशीन," नाना म्हणाले.

आणि लग्नाची बोलावणी परत सुरू झाली. आजार अपशकुनी होता. यंत्र प्रतिष्ठेचं होतं. फिट तीच, माणूस तोच, पण आता त्याच्या छातीत बॅटरी होती. जळगावच्या एका यजमानाने तर पत्रिकेत छापलं, 'निवेदन : मेंदूत अत्याधुनिक यंत्र असलेले श्री. हिलाल नाना'. आडनाव छापायचं राहिलं. दोन जिल्ह्यांतल्या प्रत्येकाचं आडनाव ज्याला पाठ, त्याचं आडनाव यजमानाला ठाऊक नव्हतं. नानांनी ती पत्रिका पाहिली आणि खिशातली खडीसाखर तोंडात टाकली.

ते यजमान म्हणजे माजी सभापती आप्पा. नातवाचं लग्न होतं. मी तोवर जळगाव कार्यालयात आलो होतो, बातमीसाठी गेलो. नाना खुर्चीत, काळ्या कोटात. समोर पहिल्या रांगेत नानी. साउंड सुभाषचा. आप्पा व्यासपीठाच्या कडेला छाती काढून उभे, पायात अर्थातच अस्सल चामडं.

मुहूर्त केव्हाच टळला होता. भटजींनी अंतरपाट खांद्यावर टाकला होता. भडगाव झालं, वरणगाव झालं, पारोळा झालं. एक माजी पदाधिकारी असा उरला नाही, ज्याची चाल बदलली नाही. शेवटी नाना म्हणाले, "आणि विशेष उपस्थिती म्हणून या ठिकाणी देवपूरहून आगमन झाले आहे..."

आणि थांबले.

नजर समोर खिळली. ओठ हलले, आवाज नाही. उजवा हात माइकवरून सुटला आणि सावकाश छातीकडे गेला. नानी खुर्चीतून अर्ध्या उठल्या. सुभाषने मिक्सर सोडला. मागच्या रांगेत दोघे-तिघे सवयीने मान खाली घालून उभे राहिलेही.

नानांचा हात गुंडीपाशी आला. त्यांनी कोटाची गुंडी लावली.

"सौभाग्यवती कोकिळा हिलाल बोरसे," ते म्हणाले.

मांडवात माना वळल्या. हे नाव कुणी ऐकलेलं नव्हतं. जिल्हा परिषदेच्या असतील, कुणी म्हणालं. बँकेच्या संचालिका, दुसऱ्याने सांगितलं. सत्काराचं ताट घेतलेला कार्यकर्ता शाल-नारळ सांभाळत पहिल्या रांगेसमोरून फिरला. "कोकिळाबाई कोण शेतस?" नानींनाही त्याने विचारलं. नानी खाली बसल्या होत्या. पदर तोंडाशी होता. ताट थोडा वेळ हवेत राहिलं. मग आप्पांनी हात पुढे केला आणि शाल-नारळ त्यांनी स्वीकारला. टाळ्याही पडल्या.

भटजींनी अंतरपाट उलगडला. मी नानींच्या मागच्या खुर्चीत होतो. शेजारच्या बाईने त्यांना कोपराने ढोसून विचारलं, "काय सांगतस नाना?"

"काही नही," नानी म्हणाल्या. "मशीनना करंट वाढी गया वाटस."

त्यांची नजर मात्र नानांच्या उजव्या हातावरून हलली नव्हती.